मांजर आणि इन्सुलिनची सुई : शंभर वर्षांची गोष्ट



मागच्या पावसाळ्यात दवाखान्यात एक मावशी आल्या. (ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) मधुमेह जुना, दोन वर्षांपासून इन्सुलिन चालू. दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे. मी विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "डॉक्टर, माझी शुगर ठीक आहे. मला आमच्या बोक्याचं विचारायचंय."

बोका नऊ वर्षांचा, नसबंदी झालेला, चांगला गुबगुबीत. दोन महिन्यांत पाणी फार प्यायला लागला, रेतीचा ट्रे सारखा ओला, खाणं वाढलं आणि वजन मात्र उतरलं. पशुवैद्यांनी रक्त तपासलं, मधुमेहाचं निदान केलं आणि दिवसातून दोनदा इन्सुलिन लिहून दिलं. पहिले चार दिवस त्याने काही कळायच्या आत टोचून घेतलं. पाचव्या दिवसापासून फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला की स्वारी दिवाणाखाली. मग काका टॉवेल घेऊन मागे, मावशी सुई घेऊन पुढे, आणि शेवटी रक्त निघायचं ते या दोघांचंच.

"मी घेतेच ना मुकाट्याने? मग याला काय होतं घ्यायला?" मावशींचा सवाल.

मी त्यांना आठवण करून दिली की मी इन्सुलिन लिहून दिलं तेव्हा त्यांनी ती चिठ्ठी दीड वर्ष पर्समध्ये घडी करून ठेवली होती. त्या हसल्या. म्हणाल्या, "सुईची भीती नव्हती हो मला. सगळे म्हणायचे, इन्सुलिन लागलं म्हणजे शेवटची पायरी. त्याची भीती होती."

आजचा लेख या उत्तरावरच उभा आहे. सुईला नकार देणारा, मग तो माणूस असो की मांजर, बहुतेक वेळा निव्वळ हट्टी नसतो. नकारामागे काहीतरी नेमकं कारण असतं. इन्सुलिनचा शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे अशी कारणं एकेक करून शोधण्याचा आणि दूर करण्याचा इतिहास आहे. तो समजला, तर तुमच्या मांजराची समजूत काढणंही सोपं जाईल.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी माणसांचा डॉक्टर आहे. मांजराचं निदान, इन्सुलिनचा प्रकार आणि मात्रा हे पशुवैद्यच ठरवतील. मी सांगणार आहे ती इतिहासाची गोष्ट आणि तिच्यातून निघणारा व्यवहार.

इन्सुलिन आलं ते जनावरांकडूनच

लघवीला मुंग्या लागतात हे आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथकारांनी फार पूर्वी नोंदवून ठेवलं आहे. 'मधुमेह' हा शब्दही तिथलाच. पण हा आजार नेमका कुठून सुरू होतो, हे कळलं १८८९ मध्ये आणि तेही एका कुत्र्यामुळे. तेव्हा जर्मनीत असलेल्या स्ट्रासबुर्ग शहरात ऑस्कर मिन्कोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग या दोघांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं. त्यांना पचनाचा अभ्यास करायचा होता. पण शिकवलेला कुत्रा घरात जागोजागी लघवी करू लागला. लघवी तपासली तर तिच्यात साखर! पोटात जठराच्या मागे असलेल्या या ग्रंथीत साखर आवरणारं काहीतरी आहे, हे त्यावरून ठरलं.

ते 'काहीतरी' हाती लागायला आणखी तीस-बत्तीस वर्षं गेली. १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या टोरोंटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शल्यचिकित्सक आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी, प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत कामाला लागले. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांना ते स्वादुपिंडाचा अर्क टोचत होते. त्यांतली मार्जोरी नावाची कुत्री या अर्कावर सुमारे ७० दिवस जगली. पुढे हा अर्क कत्तलखान्यातून आणलेल्या गाईगुरांच्या स्वादुपिंडातून काढला जाऊ लागला.

म्हणजे माणसाच्या नशिबी इन्सुलिन आलं ते कुत्र्यांच्या आणि गुरांच्या जिवावर. तुमच्या बोक्यासाठी तुम्ही आज जी बाटली फ्रिजमध्ये ठेवता, तिच्यातून ती उधारी थोडी थोडी फिटते आहे असं समजा.

पहिलं इंजेक्शन फसलं होतं

११ जानेवारी १९२२. टोरोंटो जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्प्सन हा १४ वर्षांचा मुलगा शेवटच्या अवस्थेत होता. वजन २९ किलोच्या आसपास. त्या काळी मधुमेही मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणं हाच उपचार होता. त्या दिवशी त्याला १५ मिलिलिटर अर्क दिला, निम्मा एका कुल्ल्यात आणि निम्मा दुसऱ्या. आज तुम्ही अर्धा मिलिलिटरसुद्धा टोचत नाही, हे लक्षात घ्या. साखर थोडीशी उतरली, पण अर्क अशुद्ध होता. टोचलेल्या एका जागी गळू झालं आणि उपचार थांबवावा लागला.

पुढचे बारा दिवस जेम्स कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाने अर्क शुद्ध करण्यात घालवले. २३ जानेवारीला शुद्ध केलेला अर्क पुन्हा त्याच मुलाला दिला, आणि या वेळी साखर झपाट्याने खाली आली. लिओनार्ड त्यानंतर तेरा वर्षं जगला.

गंमत बघा. मुलगा तोच, आजार तोच, इंजेक्शनही तेच. फरक होता तो बाटलीतल्या द्रावणात. पहिल्या वेळी दुखलं आणि उपयोग झाला नाही, यात त्या मुलाचा काहीच दोष नव्हता.

मांजर चिडलं की आपण लगेच म्हणतो, "भारी खोडीलं आहे." त्याऐवजी आधी आपली बाजू तपासा. इन्सुलिन फ्रिजमधून काढून लगेच टोचलं तर गार द्रावण चरचरतं. सिरिंज भरून एक-दोन मिनिटं थांबा. स्पिरिटने कातडी पुसली तर त्याचा उग्र वास मांजराला अजिबात सहन होत नाही, आणि केसांमधून पुसून फारसं साधतही नाही. अंग स्वच्छ असेल तर त्याची गरज आहे का, हे पशुवैद्यांना विचारून घ्या. तेवढ्यावरही काही मांजरं गप्प होतात.

काचेची सिरिंज आणि दगडावर घासलेली सुई

तुमच्यापैकी साठी ओलांडलेल्यांना दवाखान्यातली स्टीलची चपटी डबी आठवत असेल. तिच्यात काचेची सिरिंज आणि दोन-चार सुया पाण्यात उकळायला ठेवलेल्या असत. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाच्या घरीही हाच थाट असे. सुई एकच, महिनोन्‌महिने चालणारी. ती बोथट झाली की दगडावर घासून धार लावायची. सुई जाड आणि लांब होती. सुरुवातीच्या काळात इन्सुलिनही पातळ होतं, म्हणून द्रावण जास्त टोचावं लागे.

एकदा वापरून टाकून द्यायच्या प्लास्टिकच्या सिरिंज १९६० च्या दशकात पसरू लागल्या. १९८५ मध्ये इन्सुलिनचं पहिलं पेन बाजारात आलं. आजची इन्सुलिनची सुई केसाहून थोडी जाड, ३० किंवा ३१ गेजची असते. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक.

म्हणजे या काळात माणसं काही जास्त धीट झालेली नाहीत. बारीक झाली ती सुई.

पण आपल्याकडे अजूनही एक जुनी सवय टिकून आहे. पैसे वाचवायला तीच सुई आठ-दहा वेळा वापरायची. दुसऱ्या-तिसऱ्या वापरातच तिचं टोक वाकतं आणि वरचा गुळगुळीत थर निघतो. माणूस दात-ओठ खाऊन सहन करतो. मांजर सहन करत नाही, पळून जातं. आणि पुन्हा वापरलेल्या सुईने जंतुसंसर्गाचा धोका असतो तो वेगळाच. प्रत्येक वेळी नवी सिरिंज, हा खर्च टाळू नका. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवा आणि दवाखान्यात नेऊन द्या. घंटागाडीत सुटी सुई टाकू नका, कचरा उचलणाऱ्याच्या हातात ती घुसते.

दिवसातून चारदा ते दोनदा

सुरुवातीचं इन्सुलिन काही तासच टिकायचं. रुग्णाला दिवसातून तीन-चार वेळा टोचून घ्यावं लागे. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या हॅगेडॉर्न यांनी यावर तोड काढली. माशाच्या वीर्यातून मिळणारं प्रोटामाइन नावाचं प्रथिन त्यांनी इन्सुलिनमध्ये मिसळलं, त्यामुळे ते कातडीखालून हळूहळू रक्तात उतरू लागलं. टोरोंटोच्या संशोधकांनी त्यात जस्त घालून ते आणखी टिकाऊ केलं. त्याला प्रोटामाइन झिंक इन्सुलिन म्हणतात. माणसांच्या उपचारातून ते आता मागे पडलं आहे, पण मांजरांसाठी त्याचा नवा अवतार काही देशांत आजही वापरला जातो. मांजराचं शरीर इन्सुलिन माणसापेक्षा लवकर संपवतं, म्हणून त्यांना असं संथ चालणारं इन्सुलिन मानवतं. आपल्याकडे पशुवैद्य पुष्कळदा माणसांचंच ग्लार्जिन देतात. बहुतेक मांजरांना ते बारा-बारा तासांनी लागतं.

याच काळात आणखी एक बदल झाला, आणि मला तो औषधाइतकाच मोठा वाटतो. अमेरिकेतल्या बॉस्टनचे डॉ. इलियट जोस्लिन यांनी आग्रह धरला की मधुमेहाचा उपचार रुग्णाने स्वतः शिकला पाहिजे. त्यांच्या परिचारिका रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना इन्सुलिन भरणं, टोचणं, लघवी तपासणं शिकवत. आपल्याकडे १९५५ मध्ये मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. डॉ. एस. एस. आजगावकर हे तिच्या उभारणीतलं महत्त्वाचं नाव. दवाखान्यात कोणीतरी टोचतं ते वेगळं आणि घरात, ठरलेल्या वेळी, ओळखीच्या हाताने टोचलं जातं ते वेगळं. माणसाच्या मनातली भीती गेली ती या रोजच्या सवयीने.

मांजर तर सवयीचंच जनावर. त्याला 'हे तुझ्या भल्यासाठी आहे' असं समजावता येत नाही, पण 'हे झालं की ते मिळतं' एवढं त्याला लख्ख कळतं. मावशींच्या बोक्याने फ्रिजचं दार आणि टॉवेल यांची सांगड पाच दिवसांत घातली होती. तीच हुशारी आपल्या बाजूने वळवायची.

मांजराचं इन्सुलिन आणि गाईचं इन्सुलिन

१९५० च्या दशकात फ्रेडरिक सँगर यांनी गाईच्या इन्सुलिनची संपूर्ण रचना उलगडली. त्यासाठी त्यांना १९५८ चं नोबेल मिळालं. इन्सुलिन ही ५१ मण्यांची माळ आहे, असं समजा. पुढे वेगवेगळ्या प्राण्यांच्या माळा शेजारी ठेवून पाहिल्या गेल्या. माणसाची आणि डुकराची माळ एका मण्याने वेगळी, माणसाची आणि गाईची तीन मण्यांनी. कुत्र्याची माळ डुकराशी तंतोतंत जुळते. आणि मांजराची? ती गाईच्या सर्वांत जवळची, फक्त एका मण्याचा फरक. माणसापासून मात्र ती चार मण्यांनी वेगळी.

म्हणून पूर्वी मांजराला गाईचं इन्सुलिन चांगलं लागू पडे. पण १९७८ मध्ये जिवाणूंकरवी माणसाचं इन्सुलिन बनवण्यात यश आलं, १९८२ मध्ये ते अमेरिकेत औषध म्हणून मान्य झालं, आणि हळूहळू गाईचं इन्सुलिन बाजारातून नाहीसं झालं. आपल्या मराठवाड्याचाही या गोष्टीत वाटा आहे. वोक्हार्ट कंपनीने २००३ मध्ये भारतीय बनावटीचं असं इन्सुलिन बाजारात आणलं आणि त्याचा कारखाना आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, उभा राहिला. परभणीहून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर.

या इतिहासाने मागे ठेवलेला एक धोका मात्र तुम्हाला माहीत हवाच. इन्सुलिनची तीव्रता वाढत गेली. पुढे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, मग ८०, आणि १९७० च्या दशकापासून १००. अनेक देशांनी माणसांसाठी १०० हीच तीव्रता ठेवली. आपल्याकडे ४० युनिटच्या बाटल्या अजूनही सर्रास मिळतात, आणि पेनमधलं किंवा ग्लार्जिनसारखं इन्सुलिन १०० युनिटचं असतं. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्या सिरिंजचं नारिंगी.

१०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने भरलं तर मात्रा अडीच पट जाते. चार किलोच्या मांजराचा त्यात जीव जाऊ शकतो. घरात तुमचं स्वतःचं इन्सुलिन असेल तर बोक्याची बाटली आणि सिरिंज वेगळ्या डब्यात, नाव लिहून ठेवा. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, हे दर वेळी मोठ्याने वाचा.

मांजराने आपल्याला काय शिकवलं

मांजराचा मधुमेह बराचसा आपल्या 'टाइप २' सारखा असतो. वाढलेलं वजन, बैठं आयुष्य, नसबंदी झालेला बोका, उतारवय, आणि कधी कधी दुसऱ्या आजारासाठी दिलेली स्टेरॉइड्स ही त्याची कारणं. १९८७ मध्ये स्वीडनच्या पेर वेस्टरमार्क आणि सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचा शोध जाहीर केला. मधुमेहींच्या स्वादुपिंडात एक चिवट थर साचतो. तो कशाचा, हे त्यांनी माणसाच्या एका गाठीतून आणि मधुमेही मांजराच्या स्वादुपिंडातून शोधून काढलं. दोन्हीकडे पदार्थ एकच निघाला. आज त्याला अमायलिन म्हणतात, आणि माणसाच्या मधुमेहाच्या अभ्यासात त्याला मोठं स्थान आहे.

मांजर मुळात मांसावर जगणारा प्राणी. आपण मात्र त्याला मायेने दूध-पोळी, दूध-भात, बिस्किटं घालतो. काही मांजरांमध्ये वेळेवर इन्सुलिन सुरू केलं आणि आहारातली पिष्टं कमी केली, तर काही महिन्यांनी इन्सुलिन बंदही करता येतं. पण आहार मनाने एकदम बदलू नका. पिष्टं कमी झाली की इन्सुलिनची गरजही घटते आणि जुनीच मात्रा भारी पडू शकते. आणि तुमच्या स्वतःच्या शुगरच्या गोळ्या तर मांजराला कधीच देऊ नका.

परभणीत हे कोण शिकवणार?

मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे. परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ चं, कृषी विद्यापीठाच्याच सालातलं. आता ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेलं आहे. ते उभं राहिलं तेव्हा डोळ्यांसमोर होती ती लाल कंधारी गाय, मराठवाडी म्हैस, उस्मानाबादी शेळी. मधुमेही बोका घेऊन कोणी येईल, असं तेव्हा कोणाच्या मनातही आलं नसेल. आज जिंतूर, सेलू, गंगाखेडसारख्या गावांतही घरात मांजर पाळतात, त्याची नसबंदी करतात आणि ते दहा-बारा वर्षं जगतं. आयुष्य वाढलं की म्हातारपणाचे आजारही आले, जसे आपल्याकडे आले.

जवळच्या पशुवैद्यांकडे पहिल्या दिवशी एकच हट्ट धरा : "मला टोचून दाखवा, मग माझ्याकडून टोचून घ्या." आधी सलाइनच्या पाण्यावर हात बसवू द्या. जोस्लिन यांच्या परिचारिका शंभर वर्षांपूर्वी हेच करत होत्या.

आता प्रत्यक्ष बोक्याकडे

मावशींना मी जे सांगितलं आणि त्यांच्या पशुवैद्यांनी ज्यात भर घातली, ते असं.

जागा बदला. जिथे तो झोपतो किंवा लपतो, तिथे जाऊन टोचू नका. ती त्याची सुरक्षित जागा आहे. एक पाट किंवा टेबल ठरवा आणि तिथेच खायला द्या.

आधी तयारी, मग मांजर. सिरिंज दुसऱ्या खोलीत भरून ठेवा. फ्रिज, टोपण, कागद फाडल्याचा आवाज या सगळ्या खुणा त्याच्यासाठी धोक्याच्या झाल्या आहेत. त्या त्याच्या कानावर पडू देऊ नका.

खाण्याशी जोड घाला. पशुवैद्यांनी चालेल म्हटलेला त्याचा आवडता घास, उकडलेल्या कोंबडीचा तुकडा म्हणा, फक्त याच वेळी द्या. तो खाण्यात गुंतला की टोचा. तो खातो आहे हे डोळ्यांनी दिसतं, हा दुसरा फायदा.

कातडीची चिमूट हा रोजचा खेळ करा. दिवसातून तीन-चार वेळा, सुई नसताना, छातीच्या बाजूची किंवा कुशीची सैल कातडी अलगद उचला, सोडा, घास द्या. मग टोपण लावलेली सिरिंज नुसती टेकवा, घास द्या. दहा वेळा चिमूट आणि त्यात एकदाच सुई, असं झालं की त्याचा हिशोब बदलतो. हे होईपर्यंत इन्सुलिन मात्र थांबवायचं नाही. दोन्ही बरोबरीने चालवायचं.

रोज तीच जागा नको. मानगुटीवरच सारखं टोचलं तर तिथली कातडी घट्ट होते, औषध नीट शोषलं जात नाही आणि दुखतंही. उजवी-डावी बाजू आलटून-पालटून घ्या. केस फार दाट असतील तर पशुवैद्यांकडून छोटा चौकोन कापून घ्या, सुई केसांतच फसत नाही.

मानगूट धरून लोंबकळवू नका, दोघांनी मिळून दाबूनही धरू नका. अगदीच गरज पडली तर टॉवेलमध्ये सैल गुंडाळा आणि फक्त कूस उघडी ठेवा. दोनदा प्रयत्न फसला तर पाठलाग थांबवा, अर्ध्या तासाने पुन्हा बघा.

हे विसरू नका

औषध आत गेलं की केसांवर सांडलं, अशी शंका आली तर दुसऱ्यांदा टोचू नका. एक मात्रा चुकल्याने सहसा मोठं नुकसान होत नाही, दुप्पट मात्रेने मात्र जीव जाऊ शकतो. मांजराने खाल्लं नाही किंवा उलटी केली, तर नेहमीची मात्रा देण्याआधी पशुवैद्यांना फोन करा.

मांजर सुस्त पडलं, झोकांड्या खाऊ लागलं, थरथरलं किंवा झटके आले तर साखर फार उतरली आहे असं धरा. शुद्धीत असेल तर लगेच खायला द्या. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोजचं दाट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका, झटके येत असतील तर तोंडात बोट घालू नका, आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

शांत झालेलं मांजर अचानक पुन्हा चिडायला लागलं, तर त्याला दुखत असेल. टोचायच्या जागी गाठ आहे का, दात दुखताहेत का, मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालतंय का, हे पाहा. टाचा टेकवून चालणं ही मधुमेहाने नसा बिघडल्याची खूण असू शकते.

परभणीच्या उन्हाळ्यात पारा ४० च्या वर असतो. इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. वीज जास्त वेळ गेली तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून ओल्या वाळूतल्या मातीच्या भांड्यात सावलीत ठेवा.

आणि तुम्हाला मांजर चावलं किंवा ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. घरचं मांजर असलं तरी रेबीजच्या लसीचा विचार करावाच लागतो. मावशींनी ओरखड्यांवर हळद लावली होती. मी त्यांना आधी तेच धुवायला लावलं.

पुढच्या तपासणीला मावशी आल्या तेव्हा हात स्वच्छ होते. सकाळी सातला काका पाट मांडतात, बोका येऊन बसतो, खाता खाता टोचून होतं. "कधी कधी अजून गुरगुरतो," त्या म्हणाल्या. "पण पळत नाही."

मग त्यांनी हळूच विचारलं, "माझी सुई मी किती दिवस वापरायची म्हणालात?" बोक्याला रोज नवी सुई आणि स्वतःला मात्र आठवडाभर एकच, असा त्यांचा कारभार चालला होता. तुमच्याही घरात असंच असेल, तर आजच बदला.

काळजी घ्या, स्वतःची आणि त्याचीही.